वारा पडला तेव्हा

"वारा एकाएकी पडला तर हुरळून दार उघडू नकोस गं. तो उलटा फिरून येतो," सासूबाई सांगायच्या. मॉरिशसवरचं वादळ आत्ता तस्संच थांबलं होतं.

गिरजानं खिडकीतून पाहिलं. उसाच्या शेतापलीकडे शेजारीण मारीच्या घरावरचे पत्रे उडाले होते. पाय अधू झालेली मारी आत एकटीच होती. काल बोलावलं, तर हसून म्हणाली, "तुझ्या सोवळ्यात माझी मासळी कुठे शिजवू?"

"बरं, पण पत्रे उडाले तर मी न्यायला येईन," गिरजानं शब्द दिला होता.

"जायला-यायला अर्धा तास. वारा तेवढा थांबेल?" नवरा ओरडला. "आणि तिला उचलणार कशी?"

गिरजानं पदर खोचला, देवाला हात जोडले आणि उसाची हातगाडी अंगणाबाहेर ढकलली.