झाडाखालचं उपोषण

रोपांच्या नर्सरीतलं म्हातारं झाड तोडून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असं धाकट्या भावाने ठरवलं. ताई सरळ झाडाच्या बुंध्याशी अनवाणी जाऊन बसली. "हे उभं राहील असा शब्द दे, मगच अन्नाला शिवेन," म्हणाली.

धाकटा रोज जेवणाचं ताट घेऊन यायचा, तिच्यासमोर त्याच एका जागी उभा राहून तोंडाचा पट्टा सोडायचा आणि ताट आपटून निघून जायचा. ताटातलं मांजर खायचं.

नवल म्हणजे ताईला भूकच लागेना. उलट गाल वर आले. तळव्यांना तेवढ्या गुदगुल्या व्हायच्या. या झाडाच्या दाट सावलीत उन्हावाचूनही रोपं तरारतात, कारण मातीतली पांढरी बुरशी मुळाला मूळ जोडून एकाचा घास दुसऱ्याला पोचवते, हे तिला ठाऊक होतं. पण ते रोपांचं झालं.

आज धाकटा करवतवाल्याला घेऊनच आला. शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"ऊठ, नाहीतर उचलून बाजूला ठेवीन!" त्याने तिचा पाय ओढला. तळव्याखालून पांढऱ्या तंतूंची जाळी ताणत वर आली. करवतवाल्याने तिथून धूम ठोकली.

"कापून टाकतो हे सगळं," धाकटा म्हणाला.

"काप की! मी कुठे नको म्हणते? कात्री शेडमध्ये आहे. जा, आण."

धाकटा वळायला गेला. चपला जमिनीवरून उचलेनात. त्याने पाय काढून घ्यायला पाहिलं. पाय चपलांतून निघेनात.

ताईला तृप्तीचा ढेकर आला.