शिरखुर्म्यातली चारोळी

ईदच्या सकाळी पाहुण्यांनी शिरखुर्म्याचा पहिला चमचा घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. अजीजाबींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांदेखत त्या सुनेवर तुटून पडल्या. "काय कालवलंस गं यात? मागं पेटीतल्या बांगड्या गेल्या म्हणून गल्लीभर बोंब मारलीस, आन् आज सणाला माझं नाक कापलंस व्हय?"

"मला चुलीजवळ तरी येऊ दिलंत का तुमी?" फिरदोसनं वाटीच्या तळाचे दाणे चमच्यावर घेतले. "ही चारोळी कुणी घातली?"

"मीच की! माझ्या हातचं कडू लागंल व्हय?"

"ही चारोळी न्हाय, अम्मी. दिसतो तसाच, पण हा महलब हाय, चेरीच्या बियांतला गर. माझ्या अब्बांनी जेद्दाहून पाठवलाय. वासासाठी चिमूटभर कुटून पावात घालतात. मूठभर घातला की कडूच व्हणार."

"मग तसं सांगायचं न्हाय आदी?"

"कशाला सांगू? पुडी माझ्या कुलूपबंद पेटीत व्हती," फिरदोस म्हणाली. "त्या बांगड्यांच्या खाली."