डाव्या टायरची कड

महिन्यात तिसऱ्यांदा अप्पांच्या गाडीचं अलाइनमेंट बिघडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीची ती लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार आपल्या गॅरेजमधल्या रॅम्पवर चढवून वैजयंतीनं पडद्यावरचे आकडे पाहिले. फक्त पुढचं डावं चाक बाहेर वळलं होतं.

"तुझ्या मशीनमध्येच खोट आहे," अप्पा म्हणाले. "ते राहू दे, नवे कार्बोरेटर बसव. रविवारी पन्हाळ्याला जुन्या गाड्यांची शर्यत आहे. यंदा इनामदाराला घाटात मागे टाकतो की नाही बघ!"

"पंच्याहत्तरीत?"

"मग? इनामदार अठ्ठ्याहत्तरचा आहे."

तिनं वाकून टायर पाहिले. डाव्याची बाहेरची कड खरवडली होती आणि तिच्यात फुटपाथचा पिवळा रंग भरला होता. उजव्यावर ओरखडाही नव्हता. रस्ते खराब असते, तर दोन्ही झिजले असते.

ती उठून अप्पांच्या डाव्या बाजूला गेली आणि काही न बोलता हात त्यांच्या डाव्या डोळ्याजवळ नेला. अप्पा समोर गाडीकडेच बघत राहिले.

"बोटं किती, अप्पा?"

त्यांनी मान वळवली नाही. "दिवाळीपासून असंच आहे," ते म्हणाले. "आईला सांगू नकोस."

"सांगावं लागेल. कार्बोरेटर बसवते मी. पण रविवारी गाडी मी चालवणार, आणि त्यानंतरही मीच."

अप्पांनी बोनेटवरून हात फिरवला.

"शेवटच्या वळणाला दुसऱ्या गिअरवर आण," ते म्हणाले. "तिसऱ्यावर चढत नाही ती."