दुसरी किल्ली

सकाळी कामावर निघताना बाइक एका बटणात सुरू व्हायची, पण संध्याकाळी बाहेर पडायचं म्हटलं की ढिम्म! वैतागून त्याने सीटखालचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नवा बसवून घेतला. तरी रडगाणं तेच. शेवटी एका संध्याकाळी त्याने मेकॅनिकलाच घरी बोलावून फैलावर घेतलं, “काय भंगार बसवलंस रे?”

मेकॅनिकने सीट उचलली आणि तोही भडकला. “ईसीयूचा प्लगच काढलाय की! हा आपोआप निघत नाही, लॉक दाबून ओढावा लागतो.”

“माझ्या गाडीला हात लावायची हिंमत कुणाची?” तो गरजला.

बायकोने दारातूनच बाइकची दुसरी किल्ली त्याच्या पायाशी भिरकावली.

 

“माझी. तू बाटली उघडलीस, की मी सीट उघडते.”