डिकीतलं पाणी

कल्याणची पंधरा वर्षांची गाडी महिनाभर प्रत्येक वळणावर गडगडत होती, आणि आता डिकीतून पाणीही ठिबकायला लागलं होतं. तीन गॅरेजं पालथी घालून थकलेला कल्याण आईला सोबत घेऊन देवळालीच्या आदिनाथ मिस्त्रीकडे आला. आजही दोष सापडला नाही, तर गाडी सरळ भंगारात घालायची, असं त्याने घरातून निघतानाच ठरवलं होतं.

मिस्त्रीने डिकीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. "गोड लागतंय. म्हंजी इंजिनातलं कूलंट हाय."

"अहो मिस्त्री, इंजिन पुढं हाय."

"गाडी म्हातारी झाली की कुठनं बी गळायला लागती, भाऊ," म्हणत मिस्त्रीने चटई सारून स्टेपनी उचलली.

खाली पाच नारळ होते. त्यातला एक तडकलेला.

कल्याणने सावकाश आईकडे पाहिलं.



"माज्याकडं काय बघतो? गाडी कधी वाजू नये म्हणून शनिदेवाचं नाव घेऊन एक ठिवला हुता. तरी वाजायला लागली, म्हणून आनखी चार ठिवले."