कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

फांद्यांचा भुगा करणारं यंत्र घरघरत होतं. मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. दुखणं कुठलं, ते यंत्र असं कानातच सांगतं.

"दाजी, ताईचं कधी इतकं कान देऊन ऐकलं नाहीत!" मेहुणा हसला.

"बंद कर," मेकॅनिक म्हणाला.

मेहुण्यानं किल्ली काढून खिशात टाकली. पाती थांबली. स्क्रूड्रायव्हरमधली घरघर मात्र चालूच राहिली.

मेकॅनिकनं कान बदलला. घरघर तीच, फक्त जरा लांबून येणारी. भीती राहिली बाजूला, त्याला नवलच वाटलं. त्यानं मूठ आणखी घट्ट दाबली.

आतून कुणीतरी त्याच्याच आवाजात म्हणालं, "बंद कर. पलीकडून कुणीतरी कान लावलाय."

घरघर थांबली.