पोटाला सोसत नाही

"आई, आबांच्या डब्यातली भाकरी जरा पातळ थापा," राजलक्ष्मी म्हणाली. "त्यांच्या दाढा दुखतायत, काल माऊली सांगत होता."

प्रयागबाईंनी सुनेकडे न बघताच पिठाचा गोळा पुन्हा मळला. भाकरी पातळ कशी थापायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेळगावातल्या या स्वयंपाकघरातून रोज सकाळी बारा डबे बारामतीच्या एमआयडीसीत जायचे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, हुलग्याचं माडगं, नारळाच्या दुधातली वरईची खीर. गव्हाचा कण नाही की गाईम्हशीच्या दुधाचा थेंब नाही. धंदा सुनेचा, हात सासूचा. डब्यावर चिकटवायच्या कागदावर राजलक्ष्मीने 'व्हेगन, ग्लूटेन-फ्री' असं छापून घेतलं होतं.

"एवढ्याला इंग्रजी नाव हाय व्हय?" प्रयागबाईंनी तेव्हा विचारलं होतं. "मी तर आठ वर्सं ह्येच खाती."

खरंच खात होत्या. तूप, ताक, चहातलं दूधसुद्धा सुटलं होतं. माळकरी असल्यामुळे मटणमच्छीचा प्रश्न नव्हताच. तुळजापूरला जायचं असो की कोल्हापूरला, त्यांच्या पिशवीत ज्वारीचे धपाटे, तिळाची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठरलेले. एसटी थांबली की लोक वडापावामागे धावायचे. या मात्र खिडकीशी बसून निवांत धपाटा मोडायच्या आणि शेजारणीच्या हातावरही तुकडा ठेवायच्या. खाण्याची हौस त्यांनी मुळीच सोडली नव्हती. गहू-दूध का नको, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "पोटाला सोसत न्हाय."

पोटाला दगडही सोसला असता. मनाला सोसलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी सांगवीला त्यांच्या थोरल्या भावाच्या, हिंदुरावांच्या मुलीचं लग्न होतं. प्रयागबाई पंगतीला बसल्या होत्या. पानात पुरणपोळी, वाटीत दूध. पहिला घास मोडणार तोच हिंदुराव घाईघाईने आले आणि म्हणाले, "प्रयागा, ऊठ जरा. व्याह्यांची माणसं बसू दे, तू घरचीच हायेस."

चार माणसांदेखत भरल्या पानावरून उठवलं. त्या उठल्या त्या थेट एसटी स्टँडवर आल्या. दादा स्वतः आपल्या दारात येऊन जेवायला नेईपर्यंत गव्हाला आणि दुधाला शिवायचं नाही, असं त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं. असला नेम कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की फळत नाही. त्यामुळे घरातही पोटाचंच निमित्त झालं.

आठ वर्षांत दादा आला नाही. फोन नाही की निरोप नाही. त्याला काय, दावणीला म्हशी आहेत, सकाळी पेलाभर दूध पीत असेल, दुपारी पोळी कुस्करून खात असेल, असं प्रयागबाई मनात म्हणायच्या आणि चडफडायच्या. पण लहानपणी पोळीचा मधला, भरपूर पुरणाचा भाग तोडून तो आपल्या ताटात टाकायचा, हेही आठवायचं. मग राग कुठल्या कुठे जायचा. त्यांना मानपान नको होता. दादा हवा होता.

डबे नेणारा माऊली गावात भाड्याने राहायचा आणि एमआयडीसीत कामाला जायचा. उन्हाळ्यात त्यानेच बारावा डबा वाढवला.

"आमच्या कंपनीत रोज एक आबा येत्यात, मावशी. गहू खात न्हाईत, दूध पीत न्हाईत. माझ्या डब्यातला एक घास खाल्ला अन् म्हणले, उद्यापासनं मलाबी आण."

"म्हातारपणी पोटाचं दुखणं लई वाईट," प्रयागबाई कळवळल्या. त्या दिवसापासून आबांचा डबा त्या स्वतः भरू लागल्या.

दिवाळी आली. भाऊबीजेला त्यांनी निरांजनाचं ताट तयार केलं आणि त्या ओट्यावर जाऊन बसल्या. बारामतीकडून येणारी गाडी दिसली की पदर सावरायच्या. दिवस कलला, कुणी आलं नाही. ताट आत नेताना त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा फराळ आबांसाठी बांधला. भाजणीची चकली, तेलात तळलेले अनारसे, शिवाय तांदळाच्या उकडीत भरलेलं पुरण.

"कुणाच्या तरी मुखी लागू दे," त्या माऊलीला म्हणाल्या. "अन् त्यांना इचार, डाक्टरनं किती दिवस बंद केलंय? कायमचं असंल तर हे पुरण कसं करायचं ते सूनबाई कागदावर लिहून दील."

संध्याकाळी माऊली रिकामा डबा घेऊन आला.

"खाल्लं का त्यांनी?" प्रयागबाईंनी विचारलं.

"समदं. पुरण खाताना डोळं पुसत हुते. पर मावशी, डाक्टरचं कायच न्हाय त्यात. आबांचं पोट ठणठणीत हाय. सांगवीवरनं टेम्पो भरून दूध आणत्यात आमच्या डेअरीला, अन् स्वतः आठ वर्सं थेंबाला शिवलं न्हाईत."

प्रयागबाई माऊलीच्या जवळ आल्या.

"मंग कवापतूर सोडलंय म्हणले?"

"त्यांची बहीण आपल्या पायानं त्यांच्या घरी येऊन जेवंपतूर."